पाठमोरा मक्तेदार

शाळेत नोकरीला लागून मला महिनाही झाला नसेल. एके सकाळी शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर खडूनं काढलेली एक बाई दिसली. पाठमोरी. अंबाडा जरा डावीकडे कललेला, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला, आणि चालण्याची घाई इतकी की एक चप्पल मागे राहिली आहे हे तिच्या गावीही नाही. चेहरा नव्हता, नाव नव्हतं. खोलीत येणारा प्रत्येकजण आधी फळ्याकडे बघे, मग माझ्याकडे, आणि मग घाईघाईनं खिडकीबाहेरच्या माडांकडे. मला राग आला. फळा पुसायला म्हणून मी उठले आणि उठता उठता माझा हात आपसूक अंबाड्याकडे गेला. तो खरोखरच डावीकडे कललेला होता. मग मात्र मलाच हसू आवरेना, आणि सगळी खोली हसली.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर चित्रकलेचे मास्तर बसले होते. तेवढे एकटे हसत नव्हते.

"रागावलात काय, बाई?" त्यांनी विचारलं. "माका तोंड काढूक येणा नाय. म्हणान पाठ काढतंय."

त्यांचं नाव साल्वादोर लोबो. सगळं मालवण त्यांना सालू मास्तर म्हणे. उंच, काटकुळे, उन्हानं रापलेले, आणि चेहरा कायम असा की आत्ताच कुणाच्या तरी मयताहून परतताहेत. तोंड काढता येत नाही ही शुद्ध थाप होती. चर्चमधले जुने, पोपडे आलेले संत त्यांनीच पुन्हा रंगवले होते, आणि त्यातल्या एका संताचं तोंड गावच्या पोस्टमनशी इतकं मिळतं झालं होतं की त्याच्यापुढे मेणबत्ती लावताना बाया हसू दाबत. पण पाठीविषयी त्यांचं एक मत होतं आणि ते त्याला चिकटून होते. "तोंड माणूस आरशात बघून घडयता," ते म्हणत. "पाठ कोण बघता? म्हणान ती खोटा बोलणा नाय."

रस्त्यात कुणी समोरून भेटलं की ते दोन शब्द बोलत, पुढे जाऊ देत, आणि मग थांबून वळून बघत राहत. हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे सालू मास्तरांना ओलांडून पुढे गेलेली माणसं वळण येईपर्यंत एकदम ताठ चालत. एका वकिलांनी तर त्यांना टाळण्यासाठी बाजाराकडे जायचा रस्ताच बदलला होता.

मुंबईच्या दिवाळी अंकांतून त्यांच्या विनोदी गोष्टी येत, त्यांच्याच चित्रांसकट. 'श्रावणातलं मांजर' ही गोष्ट वाचून मी एकटीच खोलीत बसून हसले होते. श्रावणात घरात मासळी बंद, म्हणून घरचं मांजर दिवसेंदिवस वाळत जातं, आणि शेवटी वैराग्य येऊन देवळात कीर्तनाला जाऊन बसतं. चित्रात कीर्तनाला बसलेल्या माणसांच्या पाठी, आणि त्या ओळीत शेवटी एक छोटीशी मांजराची पाठ. तिचा विरक्त बाक त्यांनी असा काढला होता की कुणाचंही मन भरून यावं. दुसऱ्या एका चित्रात मुंबईहून आलेला चाकरमानी एसटीतून उतरतो आहे आणि सगळा गाव त्याच्या ट्रंकेमागून चालला आहे. त्याच्यामागून कुणीच नाही.

ही सगळी चित्रं, सगळ्या गोष्टी आधी एका माणसाच्या परीक्षेतून जात. मास्तरांची बायको नाताल. ठेंगणी, गोल, बोलता बोलता हात नाचवणारी बाई. लिहून झालं की ते तिला वाचून दाखवत. ती हसली तर पाकीट मुंबईला जाई, नाही हसली तर कागद चुलीत. आणि तिचं हसणं म्हणजे असं की शेजारच्या वाडीतल्या कोंबड्या दचकत. मी त्यांच्याकडे शुद्धलेखन तपासायला जात असे, कारण मास्तर ऱ्हस्व-दीर्घ नाणं उडवून ठरवीत. एकदा मी म्हटलं, "मास्तर, नातालबाईंचं चित्र कधी काढलं नाहीत?"

"बसणाच नाय ती," ते म्हणाले.

"माजा नाक बरा नाय," नाताल चुलीपासून ओरडली. "हो माजी पाठ काढतलो, ती नाकापरस वायट."

आणि पुन्हा तिचं ते हसणं.

खाडीपलीकडे चर्चचं एक जुनं फेस्त, म्हणजे संताची जत्रा, भरत असे. त्या वर्षी मास्तरांचं दिवाळी अंकाचं काम अडलं होतं म्हणून नाताल शेजारणींबरोबर एकटी गेली. दुपारी परतण्याच्या वेळेला मास्तर तिला आणायला अलीकडच्या काठावर आले. मीही तिथेच होते, कारण त्याच होडीच्या परतीच्या खेपेनं मला तोंडवलीला मावशीकडे जायचं होतं. आम्ही दोघं माडाच्या सावलीत उभे होतो.

त्या तरीचा, म्हणजे होडीनं माणसं ने-आण करण्याचा, मक्ता भाऊसाहेबांकडे होता. भाऊसाहेब म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. शाळेच्या चालक मंडळात तेच, देवळाच्या पंचांत तेच. फेस्ताची गर्दी म्हणून त्या दिवशी ते स्वतः पलीकडच्या धक्क्यावर उभे होते. पांढरं धोतर, काळा कोट, बगलेत छत्री. होडी भरत होती. आमच्या काठावरूनसुद्धा कळत होतं की ती फार भरली आहे. कडा पाण्याला टेकल्यासारखी दिसत होती. होडीवाला गुणाजी हात वर करून काहीतरी सांगत होता. धक्क्यावरून आणखी माणसं उतरलीच.

सुकती लागली होती, पाणी समुद्राकडे ओढत होतं, आणि वारा उलटा होता. होडी धक्क्यापासून फार लांब आलीही नसेल. एका लाटेनं ती आडवी झाली, आणि मग तिथे होडी नव्हती.

गुणाजीनं दोन पोरांना ओढत काठाला नेलं. तो पुन्हा आत शिरला, आणि परत आला नाही. नाताल आली नाही. आणखीही बाया आणि मुलं गेली. मास्तर कुणाच्या तरी डोणीत चढून ओरडत पलीकडे निघाले होते. मी काठावरून बघत होते. आजही डोळ्यांपुढे येतं ते एवढंच की धक्क्याच्या पायऱ्यांवर, पाण्याला लागून, भाऊसाहेब उभे होते. इतक्या लांबून तोंड दिसत नव्हतं. पण त्यांचा हात दिसत होता. धोतराचा सोगा धरून त्यांनी वर उचलला होता, भिजू नये म्हणून.

मास्तरांनी डोणीतून तेच बघितलं, आणि जवळून. सोगा दोन बोटांत धरलेला.

चौकशी झाली. साहेब आले, कचेरीच्या ओसरीवर टेबल मांडलं गेलं. भाऊसाहेब शुद्ध मराठीत बोलले. होडी रोजच्यासारखीच भरली होती. होडीवाल्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. "आणि फेस्ताहून येणाऱ्या बाया हसण्याखिदळण्यात दंग होत्या, साहेब. हसता हसता उभ्या राहिल्या. मग होडी कलंडणार नाही तर काय होणार?" वाचलेल्यांपैकी बहुतेक भाऊसाहेबांच्या जमिनीत राहणारे होते. त्यांना काही आठवत नव्हतं. गुणाजी बोलायला उरला नव्हता. मास्तरांनी आणि मी बघितलं ते सांगितलं, पण खाडीच्या अलीकडून काय दिसणार, असं साहेब म्हणाले. दोष त्याच्यावर गेला आणि मक्ता भाऊसाहेबांकडेच राहिला.

कचेरीतून मास्तर माझ्याबरोबरच बाहेर पडले. मग म्हणाले, "बाई, आयकलात? नाताल हसली म्हणान मेली."

मी त्यांच्या बरोबरीनं चालत राहिले.

"माका हसवूक येता," ते म्हणाले. "दुसरा काय येणा नाय. आता त्याच्यानच हेका, ह्या भाऊसाहेबाक मारतलंय."

हे त्यांनी त्या मयताच्या चेहऱ्यानंच सांगितलं, अगदी सावकाश. मला ते दुःखाच्या भरातलं बोलणं वाटलं.

पुढच्या दिवाळी अंकात ते चित्र आलं. खाडी, पाण्यात इकडेतिकडे बुडती डोकी, आणि पुढे धक्क्यावर एक पाठमोरा माणूस. बगलेत छत्री. दोन बोटांत सोगा. खाली ओळ होती, 'जरा जपून, भिजेल.' मुंबईच्या संपादकांना ते समाजावरचं एक झकास व्यंगचित्र वाटलं. मालवणात तो अंक एसटीनं आला आणि चार दिवसांत त्याची पानं फाटेपर्यंत हाताळला गेला. सुरुवातीला कुणी हसलं नाही. माणसं बघत आणि अंक पुढच्याच्या हातात देत. मग कुणीतरी, कुठेतरी हसलं असावं.

मग दरवर्षी, आणि पुढे मासिकांतूनही, पाठमोरा मक्तेदार येतच राहिला. गावात आग लागली आहे, लोक घागरी घेऊन धावताहेत, आणि मक्तेदार सोगा धरून उभा. लग्नात अक्षता पडताहेत, मक्तेदार सोगा धरून उभा. एका गोष्टीत तो मरून वैतरणीच्या काठावर पोचतो आणि तिथल्या होडीवाल्याला सांगतो, "आणखी बसव, आणखी बसव, मी मागाहून येतो." त्या गोष्टींवर माणसं खरोखर पोट धरून हसत. मीही हसत असे. त्या हसण्यात एक गोड विष होतं, आणि मला ते आवडत होतं. चौकशीच्या वेळी जे गप्प बसले होते तेच सगळ्यांत मोठ्यानं हसत. हसण्याबद्दल कुणी कुणाला जमिनीवरून काढत नाही.

भाऊसाहेब बाजारातून जात तेव्हा मासळीवाल्या बाया एकमेकींना म्हणत, "गो, लुगडा सांभाळ, भिजात." पोरं त्यांच्यामागून चड्डी दोन बोटांत धरून चालत. भाऊसाहेब आधी उदारपणे हसले. मग त्यांनी छत्री बदलली. मग, सगळा जन्म धोतरात गेलेला तो माणूस, एक दिवस पाटलोण घालून देवळात आला. पुढच्या अंकातल्या चित्रात पाठमोऱ्या माणसाच्या अंगात पाटलोण होती आणि हात तसाच वर होता, दोन बोटांत नसलेला सोगा धरलेला.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब पुन्हा धोतरात दिसले.

शेवटी त्यांनी चालक मंडळाची सभा बोलावली. शिक्षकांच्या वतीनं मलाही बसायला सांगितलं होतं. टेबलावर मासिकं पसरली होती. मंडळातले एक डॉक्टर म्हणाले, "लोबो मास्तर, शाळेच्या शिक्षकानं गावातल्या प्रतिष्ठित माणसाची अशी विटंबना करणं बरं नव्हे."

"कुठल्या माणसाची, साहेब?" मास्तरांनी विचारलं. भाऊसाहेब कचेरीत बोलले होते तसं शुद्ध बोलत होते.

डॉक्टरांनी पुढ्यातलं मासिक उलटं करून ठेवलं.

"आपण नाव सांगा," मास्तर म्हणाले. "सभेच्या वृत्तांतात तसं लिहून घ्या की बुडणाऱ्या बायकामुलांसमोर धोतर सांभाळणारा हा माणूस अमुक आहे, असं मंडळानं ओळखलं. मी राजीनामा देतो."

 सगळ्यांच्या नजरा टेबलावर होत्या.  भाऊसाहेब ताडकन उठले आणि बाहेर गेले. आम्ही खिडकीतून बघत होतो. शाळेच्या अंगणात त्या पावसाळी दिवसांत चिखल असे, घोट्याएवढा. भाऊसाहेब पायरीवर आले. त्यांचा डावा हात सोग्याकडे गेला. मध्येच थांबला. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, पण खिडकीत कोण कोण उभं आहे हे त्यांना पाठीनंच कळलं असावं. हात खाली आला. पांढरंशुभ्र धोतर चिखलातून फरफटत ते फाटकापर्यंत गेले.

मास्तर माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा श्वास जोरात चालला होता, डोंगर चढून आल्यासारखा. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच समाधान बघितलं, आणि मला ते बघवेना.

चर्चचे फादर त्यांच्या घरी आले होते तेव्हा मी शुद्धलेखन तपासत बसले होते. फादर म्हातारे, गोव्याकडचे. त्यांनी खूप मायेनं समजावलं. म्हणाले, "साल्वादोर, तुवें तेका माफ करूक जाय. देवान माफ केलां."

"फादर," मास्तर म्हणाले, "देवाक तेचो पूत तिसऱ्या दिसाक परत मेळलो. माका नाताल परत मेळांदे, मगे मी पण माफ करतंय."

फादर उठून गेले. त्यानंतर मास्तर रविवारी चर्चमध्ये जात, पण मागच्या बाकावर बसत, आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठत नसत.

मांजर, चाकरमानी, त्यांची ती सगळी गमतीची माणसं मात्र हळूहळू नाहीशी झाली. संपादकांनी दुसरं काही पाठवा म्हणून विचारलं, मास्तर पुन्हा मक्तेदारच पाठवत. त्यांचं लिखाण आता त्या घरात मीच आधी वाचत होते, पण मी हसले की नाही याची त्यांना फिकीर नव्हती. ते एवढंच विचारत, "हेका लागात मा?"

नातालच्या थडग्याला क्रूस बसवायचा ठरला, तेव्हा मी त्यांना सुचवलं की स्मरणदिनाच्या पत्रकावर तिचं चित्र छापू. लग्नाचा एक फोटो होता, तो दमट हवेनं बुरशी येऊन पार पुसला गेला होता. मास्तर कागद घेऊन बसले. कपाळ काढलं, पुसलं. गाल काढले, पुसले. नाकापाशी हात थांबला तो थांबलाच. मी समोर बसले होते. त्यांनी वर बघितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत भीती होती.

"बाई," ते म्हणाले, "त्या मेल्याच्या धोतराची चुणी-चुणी माका पाठ आसा. नातालचा तोंड माका येणा नाय."

त्यांनी कागद चुरगळला आणि पत्रक चित्राशिवायच निघालं.

भाऊसाहेबांनी त्यानंतर एकेक गोष्ट सोडली. मंडळ सोडलं, पंचांतलं मानाचं पान सोडलं, मक्ताही दुसऱ्याकडे गेला. मुलगे मुंबईत होते. मग अर्धांगाचा झटका येऊन ते अंथरुणाला खिळले. त्यांची धाकटी सून सुशीला माझी जुनी विद्यार्थिनी. ती एक दिवस माझ्याकडे आली.

"बाई, मामंजी सालू मास्तरांचं नाव घेतात," ती म्हणाली. "म्हणतात, त्याला सांग माझं एक चित्र काढ. तोंडासकट."

मी निरोप दिला तेव्हा वाटलं होतं, मास्तर मला घराबाहेर काढतील. ते म्हणाले, "जावया, चला." धुतलेला सदरा घातला, दाढी केली. वाटेत म्हणाले, "मी तेका पडलेलो बघूक जातंय, बाई. तुमी दुसरा काय मनात धरू नकात."

माजघरात खाटेवर भाऊसाहेब होते. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. सुशीला पाणी ठेवून आत गेली. मास्तरांनी स्टूल ओढलं आणि त्यांच्याकडे मन भरून बघितलं. घाई केली नाही. एखाद्या माणसानं कितीतरी दिवसांनी पोटभर जेवावं तसं ते बघणं होतं.

"बघलंस?" भाऊसाहेब म्हणाले. शब्द जड येत होते, पण कळत होते. आता शुद्ध मराठी सुटली होती.

"बघतंय."

"गुणाजी पिलेलो नाय होतो," भाऊसाहेब म्हणाले. "ता मी खोटा सांगितलंय. बाया उभ्यो रवल्यो, ता पण खोटा. होडी मी भरलंय. तो नको म्हणी होतो."

मास्तरांनी स्टूल आणखी पुढे ओढलं.

"पण हसत होती ता खरा. तुजी बायल हसत होती. तिच्याकडे बघूनच मी म्हटलंय, आणखी बसव. हसतत, म्हणजे जागा आसा."

मला वाटलं, मास्तर आता काहीतरी करतील.  पण त्यांनी विचारलं ते अगदी वेगळंच.

"कशी हसत होती?"

भाऊसाहेबांनी डोळे मिटले. "माथो मागे टाकून. वाऱ्यान केस कपाळार इले होते. हातात पिशवी, म्हणान केस मनगटान मागे सारी होती."

"नाक?"

"बसका. टोकाक वायच वर. हसताना सगळा पसरा होता."

मास्तरांनी पिशवीतून कागद काढला. त्या घरात, त्या माणसाच्या उशाशी बसून, ते चित्र काढू लागले. "असा?" विचारत, कागद खाटेवर धरत. "नाय. हनुवटी बारीक," भाऊसाहेब सांगत. त्यानंतर मास्तर रोज दुपारी जाऊ लागले. मी पुन्हा गेले नाही, सुशीला सांगे. दोघं एकमेकांशी दुसरं काही बोलत नसत. एक विचारी, एक सांगे. तिनं एकदा मला म्हटलं, "बाई, मामंजींना बरं वाटतं हो. दोघांत समेट झाला बहुतेक."

चित्र पुरं झालं तेव्हा मास्तरांनी ते मला दाखवलं. नातालच होती. समोरून, माथा मागे टाकलेला, तोंड उघडं. कागदातून ऐकू येईल असं वाटत होतं.

"आणि भाऊसाहेबांचं?" मी विचारलं.

"मागल्यान तेणी. म्हटल्यान, आता माजा तोंड काढ. होडयेचा तुज्या-माज्यात ठेव, पण तोंड काढ." मास्तरांनी चित्र पिशवीत घातलं. "मी म्हटलंय, तुमचा काढूचंय नाय."

शिमगा सरताच भाऊसाहेब गेले. शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. मुंबईहून मुलगे आले होते, तालुक्याचे अधिकारी होते. खुर्चीवर हार घातलेली पगडी ठेवली होती, कारण घरात त्यांची धड तसबीर सापडली नव्हती. एकेकजण उठून बोलला. दानत, शिस्त, गावावरची माया. अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. सालू मास्तर उठले.

 मी सुशीलाकडे बघितलं. तिच्या तोंडावर आशा होती. तिला वाटलं असेल, हा माणूस आता काहीतरी चांगलं बोलेल आणि सगळं धुऊन निघेल.

"भाऊसाहेबांनी मरणापूर्वी मला एक गोष्ट सांगितली," मास्तर म्हणाले. "ह्या बाई त्या वेळी हजर होत्या. होडी त्यांनी भरली. गुणाजी नको म्हणत होता. तो दारू प्यायलेला नव्हता. बाया उभ्या राहिल्या नव्हत्या. चौकशीत त्यांनी खोटं सांगितलं. ही गोष्ट कुणाला सांगू नको असंही ते म्हणाले होते. ती मी सांगतो आहे."

लोक माझ्याकडे बघत होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "खरं आहे." सुशीलानं पदर तोंडाला लावला. ती माझ्याशी पुढे कधीच बोलली नाही.

"मास्तर, ही वेळ नव्हे," अध्यक्ष म्हणाले.

"गुणाजी मेला तेव्हापण वेळ नव्हती," मास्तर म्हणाले आणि बाहेर पडले. त्यांच्या हातात पिशवी होती. मी मागून गेले, कारण त्यांची चाल मला बरी वाटेना. ते घराकडे वळले नाहीत. भर दुपारच्या उन्हात सरळ मासळीबाजारात गेले.

गुणाजीची बायको पार्वती तिथे बसत असे. दारुड्याची बायको म्हणून तिला कुणी देवळाच्या पायरीवर पुढे बसू देत नसे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, मास्तरांनाही. ती विळीवर सुरमई कापत होती. मास्तर तिच्यापुढे उभे राहिले आणि सभेत बोलले ते सगळं त्यांनी तिला सांगितलं. त्यांना वाटलं होतं, ती रडेल, हात जोडेल. ती कापतच राहिली.

"माका ठावक होता," ती म्हणाली. "तुका आज कळला?"

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली.

"इतकी वर्सा तू त्याका काढलस, मास्तर. सगळो गाव हसलो. मी पण हसलंय. माजो घोव मात दारुडोच रवलो." तिनं तुकडे पानावर सारले. "माज्या घोवाक एकदा तरी काढलस?"

दुसऱ्याच दिवशी मी मालवण सोडून सावंतवाडीच्या शाळेत रुजू झाले आणि मास्तरांची पुन्हा गाठ पडली नाही. त्या बाजारात मी त्यांना शेवटचं बघितलं ते असं. बाजूला एक रिकामी टोपली होती, ती त्यांनी उपडी घातली आणि खाली बसले. पिशवीत हात घालून कोरा कागद काढला, गुडघ्यावर ठेवला. पेन्सिल हातात घेतली.

"नाक कसा होता तेचा?" त्यांनी विचारलं.

पार्वतीनं विळी बाजूला सारली.

"मोडलेला," ती म्हणाली. "लग्नाआधी माडावरसून पडलेलो."

समोर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मासळीच्या हातानंच तिनं त्याला थांब म्हणून खूण केली, आणि सांगू लागली.